बॅटरी उतरल्यावर गाडी का बोंबलते?

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपवून लोक गावाहून परतले की सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रकार हमखास बघायला मिळतो. रिमोट दाबला तर गाडी ढिम्म. मग चावीने दार उघडायचं, बॉनेट उघडायचं, शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल आणायची, आणि शेवटची क्लिप टेकली रे टेकली की हॉर्न आणि चारही इंडिकेटर एकदम चालू. गॅलरीतून डोकी बाहेर येतात, वॉचमन "साहेब, बंद करा" करत पळत येतो, आणि कोणीतरी अनुभवी काका निदान करतात की अलार्मची सिस्टीम गेली, वायर कापून टाक. वर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की बॅटरी पूर्ण उतरली की गाडीची मेमरी पुसली जाते, ती चावी ओळखत नाही, म्हणून चावीचं प्रोग्रॅमिंग परत करून घ्या.

काकाही चूक आणि फॉरवर्डही चूक. त्या क्षणी गाडीतली सगळ्यात धडधाकट वस्तू जर कुठली असेल तर तो अलार्मच.

तुम्ही गाडी लॉक करून गेलात तेव्हा अलार्मच्या कंट्रोलरने, म्हणजे अलार्म चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरने, 'अलार्म चालू आहे' अशी नोंद एका चिपमध्ये करून ठेवली. ही चिप पेनड्राईव्हच्या जातीची, वीज गेली तरी तिच्यातली नोंद जात नाही. नंतर बॅटरी उतरली, कंट्रोलर झोपला, आणि तो झोपलेला असताना तुम्ही दार आणि बॉनेट उघडलंत. केबल लागल्यावर तो जागा होतो, नोंद वाचतो, बॉनेटचा स्विच बघतो तर बॉनेट उघडं. आता त्याच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? आणि हे असंच हवं, कारण वीज आल्यावर तो सगळं विसरून गप्प बसणारा असता तर चोराला बॅटरीची वायर काढून परत लावली की काम झालं. उतरलेली बॅटरी आणि तोडलेली बॅटरी, आतून बघताना दोन्ही सारखंच दिसतं.

पण मला खरी मजा वाटते ती अर्धवट उतरलेल्या बॅटरीची. तेव्हा अलार्म धड वाजतही नाही आणि धड गप्पही बसत नाही, गळा दाबल्यासारखा अडकत अडकत वाजतो. सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक-टक येतं ना, त्याचंच हे भावंड.

लोक म्हणतात मी मल्टिमीटर लावला, १२.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी चांगली. अहो, हा आकडा काहीच काम करत नसतानाचा आहे. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ दाखवते (आत सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्टचा), १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी. आता मल्टिमीटर तसाच ठेवून हेडलाईट लावा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. धडधाकट बॅटरीत आकडा जरासाच खाली येईल, पण समजा तो १२.२ वरून १०.४ वर आपटला, तर १.८ व्होल्ट गेले कुठे? ते बॅटरीच्या पोटातच खर्च झाले. शाळेतला ओहमचा नियम लावा, १.८ भागिले ९ म्हणजे ०.२ ओहम. हा बॅटरीचा अंतर्गत रोध. चांगल्या बॅटरीत तो याच्या एक दशांशापेक्षाही कमी असतो. ०.२ ओहम ऐकायला किरकोळ वाटतं, पण सेल्फच्या मोटरला शंभराच्या वर अँपिअर लागतात आणि या बॅटरीची दोन टोकं थेट जोडली तरी १२.२ भागिले ०.२ म्हणजे ६१ अँपिअरच मिळतील (हे करून बघायचं नाही, कागदावरच ठेवा).

रोध वाढतो का? गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये ही बॅटरी काढली, तेव्हापासून आतली केमिस्ट्री तीच आहे. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर लेड डायऑक्साईड, मध्ये गंधकाम्ल. वीज काढत गेलो की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट चढत जातं, ते विजेचं वाईट वाहक, आणि ॲसिड खर्च होऊन पाणी वाढत जातं. जुने बॅटरीवाले रबरी फुग्याच्या काचेच्या नळीत ॲसिड ओढून आतला फ्लोट कुठपर्यंत तरंगतो ते बघतात, ते हेच मोजतात, भरलेल्या बॅटरीत घनता १.२८ च्या आसपास आणि उतरलेलीत ती पाण्याच्या दिशेने घसरलेली.

आता हे अलार्मला लावा. चार इंडिकेटर, प्रत्येकी २१ वॉट, म्हणजे ७ अँपिअर, वर हॉर्नचे आणखी चार-पाच. हॉर्न वाजला की व्होल्टेज कोसळतं, कोसळलं की कंट्रोलर रीसेट होतो, रीसेट झाला की हॉर्न बंद, हॉर्न बंद की भार गेला, भार गेला की व्होल्टेज परत वर, कंट्रोलर जागा, नोंद वाचली, अरे बॉनेट उघडं, हॉर्न! हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. त्यातही भार गेल्यावर व्होल्टेज दोन टप्प्यांत सावरतं, रोधामुळे पडलेलं तत्काळ परत येतं, पण प्लेटच्या बारीक छिद्रांतलं संपलेलं ॲसिड बाहेरून आत झिरपायला वेळ लागतो, तो भाग सावकाश भरून येतो. शिवाय रिले (हॉर्नची वीज चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) ज्या व्होल्टेजला चिकटतो त्यापेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजला सुटतो, आणि या दोन पातळ्यांमधलं अंतर, कंट्रोलरचा जागं व्हायचा वेळ आणि ॲसिड झिरपायचा वेग हे सगळं मिळून ठरतं की तुमची गाडी कुठल्या तालात बोंबलणार. इथवर डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरून ठेवा, की अडखळत वाजणारा अलार्म म्हणजे बॅटरीची तक्रार, अलार्मची नाही.

काही गाड्यांत सायरनला स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य बॅटरी एका पातळीखाली गेली की सायरन समजतो कोणीतरी वायर कापली. हे पहाटे व्हायची शक्यता जास्त, कारण रात्रभर थेंब थेंब वीज गेलेली असते आणि थंडीत रासायनिक क्रिया मंदावून रोध आणखी वाढतो. त्यामुळे अमावस्येला पहाटे चारला गाडी आपोआप ओरडली म्हणून लिंबू-मिरची बदलू नका, बॅटरी बदला. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे 'बॅटरी लाईफ वाढवणारे' निळ्या लाईटचे डबे त्याच लायकीचे, ते उलट थोडी वीजच खातात.

चावीचं थोडक्यात. रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो आणि गाडी मोजणी ठेवते, पण ती मोजणीही त्याच न पुसणाऱ्या जातीच्या चिपमध्ये असते. गाडी मेलेली असताना तुम्ही रिमोट भरपूर दाबला असेल तर चावीची मोजणी पुढे गेलेली असते, बऱ्याच सिस्टीममध्ये लागोपाठ दोनदा दाबलं की जुळते. इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) चावीतली चिप तर आणखी वेगळी, तिला सेलच लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉईलमधून तिला वीज मिळते. म्हणून बटण स्टार्टच्या बऱ्याच गाड्यांत रिमोटचा सेल मेला तरी चावी बटणाला टेकवून गाडी चालू होते.

तर केबल लावताना चावी हातात ठेवा. लाल क्लिप आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरी लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटची काळी तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि ठिणगी तिथे नको. अलार्म वाजला तर घाबरून केबल ओढू नका, अनलॉक दाबा, नाही ऐकलं तर इग्निशन ऑन करा, चिप ओळखली की बहुतेक गाड्या गप्प बसतात.

आणि गाडी उभी असताना ५० मिलिअँपिअर जात असतील तर ४५ अँपिअर-अवरची नवी भरलेली बॅटरीही ९०० तासांत, म्हणजे साधारण ३७ दिवसांत रिकामी होते, जुनी त्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे महिनाभर जाणार असाल तर मायनसची वायर काढून ठेवा, फक्त त्याआधी अलार्म ऑफ केलाय ना आणि दार उघडायची साधी चावी खिशात आहे ना, ते बघा.