श्वानांमधील अस्थिशस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग

कुत्र्याच्या हाडावर किंवा सांध्यावर शस्त्रक्रिया केल्यानंतर त्या जागी जंतूंची वाढ होऊन त्वचा, स्नायू, हाड अथवा सांधा बाधित होणे, यास शस्त्रक्रियास्थानाचा जंतुसंसर्ग म्हणतात. एरवी त्यासाठी ३० दिवसांची मुदत धरतात. मात्र शरीरात प्लेट, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा ठेवलेला असल्यास, पारंपरिक व्याख्येनुसार, वर्षभरात उद्भवलेला खोल संसर्गही त्यातच मोजला जातो.

संसर्ग झाला की शस्त्रक्रियागृहाच्या अस्वच्छतेकडे बोट दाखवले जाते, पण बहुतेक वेळा जंतू कुत्र्याच्या स्वतःच्याच त्वचेवरचे असतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा प्रमुख होय. २००५ साली स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेला हा जंतू निरोगी कुत्र्याच्या नाकात, तोंडात व गुदद्वाराभोवती निमूटपणे राहतो. धातूच्या पृष्ठभागावर मात्र तो चिकटतो आणि स्वतःभोवती बायोफिल्म नावाचा बुळबुळीत थर तयार करतो. या थरात शिरलेल्या जंतूंवर शरीराच्या पांढऱ्या पेशींचा आणि प्रतिजैविकांचा जोर फारसा चालत नाही. त्याचे मेथिसिलिन-प्रतिरोधी (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे) वाण असेल, तर नेहमीची सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकेही निरुपयोगी ठरतात.

धोका सर्व शस्त्रक्रियांत सारखा नसतो. गुडघ्यातील पुढचा क्रुसिएट अस्थिबंध तुटल्यावर केल्या जाणाऱ्या टीपीएलओ (नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उतार कमी करण्याची) या शस्त्रक्रियेत, ती ‘स्वच्छ’ वर्गात, म्हणजे आधीपासून संसर्ग नसलेल्या जागी होणाऱ्या शस्त्रक्रियांत, मोडत असूनही, संसर्गाचे प्रमाण इतर स्वच्छ शस्त्रक्रियांपेक्षा जास्त आढळते. या पद्धतीत नडगीच्या हाडाचे वरचे टोक गोलाकार करवतीने कापून फिरवतात व प्लेटने पक्के करतात. करवतीच्या घर्षणाने हाड तापते, आणि नडगीच्या आतल्या बाजूस स्नायूंचे आच्छादन इतके तुटपुंजे असते की प्लेट जवळजवळ थेट त्वचेखालीच येते. शस्त्रक्रिया व भूल लांबणे, कुत्र्याचे वजन जास्त असणे आणि आधीपासून त्वचारोग असणे, यांनीही धोका वाढतो. केस भूल देण्याच्या बऱ्याच आधी कापल्यास मशीनने झालेल्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढण्यास अवधी मिळतो. म्हणून केस भूल दिल्यानंतरच कापणे इष्ट. सेफाझोलिनसारखे प्रतिजैविक त्वचेला छेद देण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटांत शिरेतून देतात आणि शस्त्रक्रिया लांबल्यास पुन्हा देतात. नंतर घरी गोळ्या द्याव्यात की नाही, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

पहिल्या काही दिवसांत घोट्याकडे उतरणारी मऊ, न दुखणारी सूज बहुधा संसर्गाची नसते. जखमेच्या कडा लाल व गरम होणे, त्यातून पू येणे, टाके उसवणे ही चिन्हे मात्र तातडीने दाखवण्याजोगी आहेत. कुत्र्याने जखम चाटल्याने टाके उसवतात आणि तोंडातले जंतू आत जातात. म्हणून गळ्यातील शंकूच्या आकाराची कॉलर, ती कितीही केविलवाणी दिसली तरी, काढू नये. खोल संसर्ग अधिक फसवा असतो. पाय टेकू लागलेले कुत्रे काही आठवड्यांनी पुन्हा लंगडते. ताप असतोच असे नाही. त्वचेवर एक बारीक छिद्र पडून त्यातून पाणचट पू झिरपतो, गोळ्या सुरू केल्यावर ते बुजते आणि गोळ्या थांबल्या की तिथेच पुन्हा उघडते. हे चक्र दिसले, तर जंतूंनी प्लेटवर ठाण मांडल्याचा संशय घ्यावा.

क्ष-किरण चित्रात स्क्रूभोवती हाड विरळ झालेले दिसू शकते. जंतुपरीक्षेसाठी छिद्राच्या तोंडाशी असलेला पू घेतल्यास त्वचेवरचे भलतेच जंतू येतात, त्यामुळे खोलवरचा नमुना किंवा काढलेला स्क्रूच पाठवणे श्रेयस्कर. हाड जुळलेले नसताना प्लेट काढणे सहसा टाळतात, कारण पक्के धरलेले हाड संसर्ग असतानाही जुळू शकते, सैल झालेले मात्र जुळत नाही. तोवर परीक्षेनुसार निवडलेल्या प्रतिजैविकाने संसर्ग आटोक्यात ठेवतात व हाड जुळल्यावर प्लेट आणि स्क्रू काढून टाकतात. स्क्रूंची छिद्रे भरून येईपर्यंत हाड तेथे कमकुवत असते, त्यामुळे काही आठवडे कुत्र्याला धावू किंवा उड्या मारू देत नाहीत.