पार्श्वभूमी : थंड दलदलीतलं पीट मुंबईच्या रोपांपर्यंत कसं आलं

एकेकाळी मुंबईत कुंडी भरायची म्हणजे लाल माती, शेणखत आणि थोडी वाळू एवढंच सामान लागे. आज त्याच रोपवाटिकांत पीट मॉस (थंड दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), सीडलिंग मिक्स, पॉटिंग मिक्स अशा पिशव्यांची चळत असते. पहिल्यांदाच बी पेरणाऱ्याने यातलं काय उचलावं? पिशवीवरचा मजकूर त्यासाठी फारसा कामाचा नाही. अशी मिश्रणं मुळात कोणती अडचण सोडवायला जन्मली, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

अडचण जुनी आहे आणि आपल्या दमट हवेत तर रोजची आहे. बी उगवतं, कोंब दोन पानांवर येतो आणि एका रात्रीत मानेशी मऊ पडून आडवा होतो. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशी त्यामागे असतात. पाणी साचलेली, हवा न खेळणारी माती त्यांना फार मानवते.

लंडनजवळच्या मर्टन इथे १९१० मध्ये जॉन इन्स हॉर्टिकल्चरल इन्स्टिट्यूशन सुरू झाली. विल्यम बेटसन तिचे पहिले संचालक. तिथे आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी प्रिम्युला या फुलझाडाची रोपं मोठ्या संख्येने वाढवली जात आणि रोपावस्थेतच त्यातली बरीच मरत. रोपच जगलं नाही तर पुढच्या पिढीचा हिशेब कसा मांडणार? तेव्हाचा प्रत्येक माळी स्वतःचं मिश्रण करी. कुणी पालापाचोळ्याचं खत घाली, कुणी जुनी भिंत पाडून निघालेला चुना, आणि प्रत्येक पिकाला वेगळी कृती. याच संस्थेतल्या विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० च्या दशकात हा सगळा पसारा प्रयोगांनी तपासला. शेवटी बियांसाठी एकच साधं प्रमाण त्यांनी ठरवलं : दोन भाग पोयटा माती, एक भाग पीट, एक भाग वाळू, आणि त्यात थोडं सुपरफॉस्फेट व खडूची भुकटी. माती वाफेने तापवून घ्यायची, म्हणजे बुरशी आणि तणाचं बी मरतं. ही कृती त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही बनवावं, कुणीही विकावं. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. (याच संस्थेत पुढे १९४० ते १९४५ या काळात केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी काम केलं.)

पीटची निवड त्यांनी खत म्हणून केली नव्हती. पीटमध्ये अन्नद्रव्यं जवळजवळ नसतातच. थंड प्रदेशातल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, पाण्याखाली दबतं आणि हवा न मिळाल्याने अर्धवटच कुजतं. त्याच्या मेलेल्या पेशी पोकळ आणि सच्छिद्र असतात. त्यामुळे ते वजनाच्या अनेक पट पाणी धरतं आणि तरीही आत हवा राहते. पालापाचोळ्याचं खत प्रत्येक ढिगागणिक बदलतं, त्यातून कीडही येते. पीट मात्र पोत्यामागून पोतं सारखंच निघतं. रोपाला लागणारं अन्न माळ्याने मोजून द्यायचं, मिश्रणाने फक्त स्वच्छ आणि एकसारखी बैठक पुरवायची, असा तो विचार होता.

पुढे चांगली पोयटा माती मिळणंच कठीण झालं. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाने नुसत्या वाळू-पीटची मिश्रणं बसवली आणि १९५७ मध्ये त्यांची पुस्तिका काढली. १९६० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स बूडली आणि रेमंड शेल्ड्रेक यांनी वाळूही काढून टाकली. अर्धं पीट, अर्धं व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (तापवून फुगवलेली हलकी खनिजं), वर चुना आणि मोजकं खत. मिश्रण इतकं हलकं झालं की ट्रकने लांबवर पाठवणं परवडू लागलं. छोट्या खळग्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये यंत्राने पेरणी त्यामुळेच शक्य झाली. आज नारायणगावच्या टोमॅटो रोपवाटिकांत दिसणारा ९८ खळग्यांचा प्रोट्रे याच वंशातला आहे.

पीटची उणीव उशिरा उमगली. दलदलीत पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो, म्हणजे एक मीटर थराला हजारेक वर्षं लागतात. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग अशा दलदलींचा आहे, पण जगातल्या साऱ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून अधिक कार्बन तिथे साठलेला आहे. दलदल कोरडी केली की तो हवेत जाऊ लागतो. आयर्लंडच्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. इंग्लंडमध्येही हौशी बागकामासाठीच्या पीटवर बंदी आणण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली.

आपल्याकडे कोकोपीट आलं ते मात्र दुसऱ्याच वाटेने. जेम्स डॅरा यांनी १८५९ मध्ये अलप्पुळा इथे काथ्याचा कारखाना काढला. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की त्याहून जास्त भुसा उरतो. हा भुसा सहजासहजी कुजत नाही, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरपूर असतं. केरळात कारखान्यांभोवती त्याचे डोंगर साचले. खरं तर १८६० च्या दशकातच इंग्लंडच्या माळ्यांनी काथ्याचा भुसा वापरून पाहिला होता. पुढे तो मागे पडला आणि पीटविषयी काळजी सुरू झाल्यावर १९८० च्या दशकापासून श्रीलंका आणि भारतातून तो पुन्हा युरोपच्या हरितगृहांत गेला.

सोडणं केरळच्या खाऱ्या बॅकवॉटरमध्ये महिनोन्‌महिने भिजत घालायची पद्धत होती, आणि नारळ स्वतःही पोटॅश व मीठ धरून असतो. म्हणून न धुतलेल्या भुशात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते जाळतात. शिवाय कच्च्या भुशात कार्बन फार आणि नत्र नगण्य. तो कुजताना रोपाच्या वाट्याचं नत्र खातो आणि पानं पिवळी पडतात. यावर इलाज निघाले. कॉयर बोर्डाने अळिंबीच्या बुरशीने भुसा कुजवण्याची पद्धत आणली. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आंबवलेलं कोकोपीट तयार केलं. निर्यातीचा माल कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुतात, म्हणजे सोडियम-पोटॅशची जागा कॅल्शियम घेतं.

म्हणून पीट आणि कोकोपीट एकमेकांच्या जागी जसेच्या तसे चालत नाहीत. पीट आंबट असतं, सामू (pH) ४ च्या आसपास, त्यात चुना घालावाच लागतो. कोकोपीटचा सामू साडेपाच ते साडेसहा, त्याला चुन्याची गरज नाही. पीट एकदा कडकडीत सुकलं की पाणी वरूनच ओघळून जातं, तर कोकोपीट चटकन पुन्हा भिजतं. एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या गॅलरीत हा फरक मोठा ठरतो.

माझं मत सरळ आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांच्या रोपांना मुंबईत परदेशी पीट आणायची गरज नाही. नीट धुतलेलं कोकोपीट तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग आणि परलाइट एक भाग पुरतं. पिटुनिया, बिगोनियासारख्या धुळीएवढ्या बियांना मात्र पीटचं बारीक मिश्रण सोपं जातं, आणि तेवढ्यासाठी लहान पिशवी घ्यायला हरकत नाही. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून ६०-७० लिटर होते. ती भिजवून पाणी निथळवायचं आणि पाण्याचा चहासारखा रंग फिका पडेपर्यंत पुन्हा धुवायचं. तानसा-भातसाचं नळाचं पाणी यासाठी उत्तम, कारण त्यात क्षार कमी असतात. समुद्राजवळच्या बोअरवेलच्या पाण्याने धुतलं तर मीठ निघायच्या ऐवजी वाढायचं.

जून ते सप्टेंबरात हवाच इतकी ओली असते की मिश्रण कोणतंही असलं तरी परलाइट वाढवावं आणि ट्रे पावसाच्या झडीपासून आत ठेवावा. मूठभर मिश्रण दाबलं तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची खरी पानं फुटेपर्यंत बी स्वतःच्या शिदोरीवर जगतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा पातळ केलेलं विद्राव्य खत सुरू करावं.