पार्श्वभूमी: तीन वर्षांचं आयुष्य, सत्तर वर्षांची शस्त्रक्रिया

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे आयुष्य किती वाढतं? या प्रश्नाला आज जे उत्तर हमखास दिलं जातं, ते म्हणजे तीन वर्षं. ते २०२० साली स्वीडनमधून आलं आणि ते मिळवायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. मात्र ही शस्त्रक्रिया ज्यांनी सुरू केली, त्यांच्या डोक्यात आयुर्मान, वार्धक्य असलं काही नव्हतं. त्यांच्यापुढचा प्रश्न निव्वळ नळजोडणीचा होता: खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून अन्नाची वाट नेमकी कुठे तोडायची?

अमेरिकेतल्या मिनेसोटा इथे आर्नल्ड क्रेमेन आणि त्यांचे सहकारी लहान आतड्याच्या कुठल्या भागात काय शोषलं जातं, याचे प्रयोग कुत्र्यांवर करत होते. ते १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातूनच आतड्याच्या बायपासची कल्पना पुढे आली. आतड्याचा सुरुवातीचा तुकडा थेट शेवटच्या तुकड्याला जोडायचा आणि मधलं बहुतेक आतडं निकामी ठेवायचं. वजन उतरायचं, त्यात शंका नव्हती. पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मूतखडे, जीवनसत्त्वांची कमतरता आणि काही रुग्णांत यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जायची. रोग परवडला पण औषध नको, अशी गत. १९८० च्या सुमारास ही पद्धत मोडीत निघाली. अनेकांची जोडणी पुन्हा पूर्ववत करावी लागली.

दुसरा धागा अल्सरच्या ऑपरेशनांतून आला. त्या काळी जठरातल्या व्रणांसाठी जठराचा मोठा भाग सर्रास काढून टाकत. अशा रुग्णांचं वजन घटतं आणि मग काही केल्या भरून येत नाही, हे आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी हेरलं. इतर शल्यविशारद ज्याला ऑपरेशनचा दोष मानत होते, तोच त्यांनी उपचार म्हणून वापरला. १९६६ साली चिकाशी इटो यांच्यासोबत त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला, म्हणजे जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडायचा. पुढे आतड्याची जोडणी बदलली, १९८० च्या दशकात जठराला टाके आणि पट्टी घालून छोटी पिशवी करण्याची मेसन यांचीच दुसरी पद्धत गाजली आणि १९९० च्या दशकात सगळंच दुर्बिणीतून होऊ लागलं. त्यामुळे जोखीम बरीच उतरली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ०.३ टक्के होतं.

नळजोडणीच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो मधुमेहाने. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथल्या वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली आपल्या बायपासच्या रुग्णांचा चौदा वर्षांचा आढावा मांडला. प्रौढ वयातला मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची साखर औषधाविना ताळ्यावर आली होती. त्या लेखाच्या शीर्षकाचा सूरच ‘कुणाला वाटलं होतं?’ असा होता. विशेष म्हणजे साखर कित्येकदा काही दिवसांतच उतरायची. वजनाचा काटा तेव्हा फारसा हललेलाही नसायचा. म्हणजे फरक चरबी गेल्यामुळे पडत नव्हता, निदान फक्त त्यामुळे नव्हता. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की जीएलपी-१ हे साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक जास्त स्रवतं. २००२ साली भुकेच्या घ्रेलिन या संप्रेरकाबद्दलही एक निरीक्षण पुढे आलं. डाएट करून वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं, जणू शरीर गेलेलं वजन परत मागतं. बायपास झालेल्यांच्या रक्तात मात्र ते अगदी कमी आढळलं. जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे, हे शल्यविशारदांना आपल्याच टाक्यांतून कळलं. २००७ साली अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने आपल्या नावात ‘मेटाबॉलिक’ (चयापचयाशी संबंधित) हा शब्द घातला, तो याच वळणावर.

आता स्वीडनकडे. लार्स शोस्ट्रोम यांच्या पुढाकाराने १९८७ साली तिथे एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ लठ्ठ लोक त्यात होते. कुणाला शस्त्रक्रिया मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं; त्या काळी ऑपरेशनची जोखीम मोठी मानली जाई, म्हणून नैतिकता समित्यांनी तशी परवानगी दिली नव्हती. ही या अभ्यासाची उणी बाजू, आणि ती विसरून चालणार नाही. तरी इतकी वर्षं इतक्या लोकांचा चिकाटीने माग ठेवणारे अभ्यास फार थोडे आहेत. २००७ साली पहिला ताळा आला: शस्त्रक्रिया गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी. २०२० साली आयुर्मानाचा हिशेब आला. शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा तीन वर्षं जास्त, पण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षं कमी. बातम्यांत पहिला आकडा झळकतो. दुसरा मूळ लेखात त्याच वाक्यात आहे, पण तो वगळला जातो.

त्याच २००७ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातून आलेल्या अभ्यासाचंही असंच झालं. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते, मधुमेहामुळे होणारे तर ९२ टक्क्यांनी. पण अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. बायपासनंतर दारू रक्तात वेगाने चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हेही पुढे दिसून आलं. म्हणून चांगल्या केंद्रांत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाची गाठ घेऊन बोलतात. ती केवळ औपचारिकता नव्हे.

आणि वार्धक्य? इथे उत्तर अवयवागणिक बदलतं. हृदय, रक्तवाहिन्या आणि स्वादुपिंडाला दिलासा मिळतो. स्वीडनच्या अभ्यासात स्त्रियांमध्ये कर्करोगही कमी आढळला. हाडांचा हिशेब उलटा आहे. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं, हाडांवरचा भारही घटतो, आणि विशेषतः बायपासनंतर हाडं मोडण्याचा धोका वाढतो. चरबीबरोबर स्नायूही जातात. लोह आणि बी-१२ च्या गोळ्या जन्मभराच्या सोबती होतात. एखाद्याची साखर तिशीतल्या माणसासारखी आणि हाडं साठीतल्या माणसासारखी, असं होऊ शकतं. मग त्याचं वय घटलं की वाढलं?

डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून वय मोजणाऱ्या पद्धतीने तर आणखी कोडं घातलं. २०१४ सालच्या एका संशोधनात लठ्ठ लोकांचं यकृत त्यांच्या वयाच्या मानाने म्हातारं आढळलं. शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरलं, तरी यकृताचं हे घड्याळ थोड्या काळात तरी मागे फिरलं नाही. ‘ऑपरेशन करा, दहा वर्षांनी तरुण व्हा’ अशा जाहिराती वाचल्या की मला हे यकृत आठवतं.

तीन वर्षांच्या त्या आकड्यातही एक मेख आहे. स्वीडनमधल्या २,०१० जणांपैकी १,३६९ जणांवर झाली ती मेसन यांची टाके-पट्टीची शस्त्रक्रिया, आणि बायपास झाला तो फक्त २६५ जणांवर. टाके-पट्टीची पद्धत आज जवळपास कुणी वापरत नाही. आज जगात सर्वाधिक होते ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग उभा कापून नळीएवढं जठर ठेवण्याची शस्त्रक्रिया. सुरुवातीला ती फार वजनदार रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून होत असे. स्वतंत्र उपचार म्हणून ती गेल्या दोनेक दशकांतच रुळली. विशी-तिशीत स्लीव्ह करून घेतलेली पहिली मोठी पिढी अजून म्हातारी झालेली नाही.