मराठवाड्याचं दूध वैरणीत अडलंय

मराठवाड्यात दुधाचा धंदा म्हटला की चर्चा सुरू होते ती गाय कोणती घ्यायची इथून. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), जर्सी की देशी? माझ्या मते त्याआधी विचारायला हवं ते हे, की मे महिन्यात दावणीला टाकणार काय?

पूर्वी याचं उत्तर ज्वारी होतं. मालदांडी ज्वारीनं घरात भाकरी दिली आणि गोठ्याशेजारी कडब्याची, म्हणजे वाळल्या ताटांची, गंजी. पुढे शिवारात सोयाबीन आलं, हातात रोख पैसा आला आणि गंज्या आटल्या. सोयाबीनचं भुसकट जनावर खातं, पण त्याला कडब्याची सर नाही.

कडबाही एकटा पुरत नाहीच. तो पचवतात गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव, आणि त्यांना वाढायला नत्र लागतं. चाऱ्यात साधारण 7 टक्के प्रथिनं असली तर त्यांचं काम नीट चालतं. वाळल्या कडब्यात ती 3-4 टक्केच. त्यामुळे पोट भरलेलं दिसतं, पण चरवी भरत नाही.

यावर युरिया प्रक्रियेचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. 100 किलो कुट्टीला, म्हणजे बारीक कापलेल्या कडब्याला, 4 किलो युरिया, 40 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. कुट्टीचा थर पसरायचा, वरून द्रावण सारखं शिंपडायचं, पायांनी दाबायचं, मग पुढचा थर. प्लास्टिकनं घट्ट झाकून 21 दिवस हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, तो तंतूंची वीण सैल करतो आणि सूक्ष्मजीवांना नत्रही मिळतं. उघडल्यावर उग्र वास उडू द्यावा आणि सुरुवात थोड्यापासून करावी. लहान वासरांना हा चारा द्यायचा नाही, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागलं तर ते जिवावर बेततं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

दुसरा उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. पावसाळ्यातला हिरवा चारा उन्हाळ्यापर्यंत नेण्याची याहून चांगली वाट मला दिसत नाही. मक्याचे दाणे चिकात आले की कापून कुट्टी करायची. ती मुठीत आवळून सोडली तर गोळा हळूहळू सुटावा. पाणी ठिबकलं तर चारा अजून ओला आहे, लगेच विखुरला तर जास्त वाळला आहे. हवाबंद बॅगेत जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (पीएच) 4 च्या आसपास उतरतो आणि सडणं थांबतं. दीड महिन्यात मुरघास तयार.

अशी बेगमी नसली की दुष्काळात चारा छावणी येते. 2019 साली बीड जिल्ह्यात हजारो जनावरं छावणीच्या दावणीला होती. तिथं मुख्य चारा असतो ऊस आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. जनावर जगतं, पण दूध तुटतं.

जातीचा प्रश्न यानंतर येतो. एचएफला 25 अंशांपर्यंतची हवा मानवते, इथं मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. धापा टाकणारी गाय खाणं कमी करते, कारण रवंथ आणि पचनातूनही उष्णता तयार होते. लातूरकडची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या उन्हाला सरावलेल्या आहेत. दूध कमी, पण खुराक आणि औषधपाण्याचा खर्चही कमी. संकरित गाय ठेवायचीच तर सावली, वारा आणि उन्हाळ्यात रोज शंभरेक लिटर पाण्याची सोय आधी हवी. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं हा हिशेब हलका नाही.

विक्रीचा रस्ता मात्र इथल्याच लोकांनी शोधलाय. भूम-कुंथलगिरी पट्ट्यात दूध आटवून खवा करतात. पाणी निघून गेलं की माल टिकतो, वजन घटतं आणि लांबच्या बाजारात पोचतो. भट्टीला सरपणाऐवजी सौरऊर्जा किंवा वाफ मिळाली, तर धुरात बसणाऱ्या बायाबापड्यांचे डोळे आणि छाती वाचेल.

गाय घ्यायला कर्ज मिळतं. कुट्टी यंत्र, मुरघासाच्या बॅगा आणि दहा गुंठे वैरणीच्या ठिबकसाठीही ते तितक्याच सहज मिळायला हवं, आणि गाय दारात येण्याआधी.