निरुद्योगीकरण (ब्रिटन)

एखाद्या देशाच्या रोजगारात आणि उत्पन्नात कारखानदारीचा वाटा दीर्घकाळ घटत जाऊन सेवांचा वाढत जाणे, याला निरुद्योगीकरण म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द वसाहतकाळात बुडालेल्या हातमागांमुळे ओळखीचा आहे. येथे तो ज्यांच्या कापडाने ते माग बुडवले, त्यांच्याच देशाबद्दल वापरला आहे.

1966च्या सुमारास ब्रिटनच्या कारखान्यांत जवळपास 90 लाख माणसे काम करत होती. आज ती 26 लाखांच्या आसपास आहेत. राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा तेव्हा पाव हिश्श्याहून जास्त होता, आता तो दहा टक्क्यांच्या आगेमागे आहे. सेवांचा वाटा सुमारे 80 टक्के.

या आकड्यांवरून कारखान्यांतला माल त्याच प्रमाणात घटला असे समजणे चूक ठरेल. यंत्रांमुळे थोड्या हातांनी तेवढाच किंवा अधिक माल निघतो आणि तुलनेने स्वस्त होतो. केस कापायला मात्र तेव्हाही वीसेक मिनिटे लागत, आजही लागतात. तरी इतरांचे पगार वाढले की केस कापणाऱ्याचाही वाढवावा लागतो, नाहीतर तो ते काम सोडेल. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बाउमोल यांनी 1960च्या दशकात मांडलेला मुद्दा हाच. त्यामुळे सेवांच्या वाढलेल्या वाट्याचा काही भाग नुसत्या महागाईचा असतो. दुसरी गफलत वर्गीकरणाची. कारखान्याच्या पगारपत्रकावरचा सफाई कामगार ‘कारखानदारी’त मोजला जातो, सफाईचे कंत्राट बाहेर दिले की तोच माणूस, त्याच आवारात, त्याच झाडूसह ‘सेवा’ क्षेत्रात जातो.

अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांना हे स्थित्यंतर धोक्याचे वाटे. उत्पादकता वाढते ती कारखान्यांत, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या सल्ल्याने 1966मध्ये मालकांवर दर पुरुष कामगारामागे आठवड्याला 25 शिलिंग कर बसला. कारखानदारांना तो परत मिळे, वर थोडे अनुदानही; भार राही तो सेवाक्षेत्रावर. 1973मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि हा कर गेला. प्रवाह काही थांबला नाही.

लँकशायरचे कापड त्याआधीच उतरणीला लागले होते. 1958मध्ये ब्रिटनची सुती कापडाची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली. येणाऱ्या मालात भारत आणि हाँगकाँगचे कापड होते. मोठा तडाखा मात्र 1979 ते 1981मध्ये बसला. महागाई रोखण्यासाठी व्याजदर 17 टक्क्यांवर नेला गेला. त्याच सुमारास उत्तर समुद्रातील तेलामुळे पौंडाला मागणी आली आणि तो 2.40 डॉलरच्या आसपास चढला. परदेशी गिऱ्हाइकाला ब्रिटिश माल महाग पडू लागला, कारखानदाराला कर्जही. ही घसरण उत्पादकता वाढल्यामुळे होणाऱ्या संथ घटीपेक्षा वेगळी होती: चालू शकले असते असे कारखानेही तीत गेले.

सेवांमधल्या नव्या नोकऱ्या निघाल्या, पण त्या गेलेल्या नोकऱ्यांच्या जागी नव्हेत. लंडनच्या बंद पडलेल्या गोद्यांवर कॅनरी वॉर्फच्या बँका उभ्या राहिल्या. डरॅम परगण्यातील कॉन्सेटचा पोलाद कारखाना 1980मध्ये बंद झाला, तेथे बँका आल्या नाहीत. पडत्या गावातले घर विकून लंडनमध्ये घर घेता येत नाही, आणि भट्टीवरचे कसब हिशेबाच्या टेबलावर चालत नाही. कोळसापट्ट्यातले अनेक पुरुष बेकारांच्या यादीतही दिसले नाहीत. ते आजारपणाच्या भत्त्यावर गेले. बेकारीचा आकडा उतरला म्हणजे गाव सावरले असे मानणारी धोरणे तेथेच फसली.

शेफील्डमध्ये हॅडफील्ड्सच्या पोलाद कारखान्याच्या जागी 1990मध्ये मेडोहॉल हे खरेदी-संकुल उघडले. मुशीतला वितळलेला पोलाद साच्यात ओतणाऱ्या कामगारांचा ब्राँझचा पुतळा तेथे आहे. शहराच्या कडेला, ऑरग्रीव्हच्या जुन्या कोक (भट्ट्यांसाठी भाजलेला दगडी कोळसा) कारखान्याच्या परिसरात, विद्यापीठाचे प्रगत उत्पादनाचे संशोधन केंद्र चालते. त्याची मोजणी कारखानदारीत करावी की सेवांत, हा प्रश्न वरच्या झाडूसारखाच.

वेल्समधील पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टी (कोक जाळून खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी) 30 सप्टेंबर 2024 रोजी विझली. 2007पासून तिची मालकी मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलकडे होती. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी ठरली आहे. तिला कोक लागत नाही, आणि माणसेही पुष्कळ कमी लागतात.