ईव्ह मोंताँ : आईची हाक, बापाचा पक्ष

फ्रान्समधल्या मार्सेयच्या गरीब वस्तीत खाली हुंदडणाऱ्या इव्हो लिव्हीला आई खिडकीतून इटालियनमध्ये हाका मारायची, "इव्हो, मोंता!" म्हणजे इव्हो, वर ये! पोरगा स्टेजवर गायला लागला तेव्हा याच हाकेला फ्रेंच वळण देऊन त्याने नाव घेतलं : ईव्ह मोंताँ. पुढे फ्रान्सने त्याला गायक आणि नट म्हणून ओळखलं.

जन्म 1921 चा, इटलीतल्या तोस्कानामधला. बाप झाडू बनवायचा आणि कट्टर कम्युनिस्ट होता. मुसोलिनीचे लोक मागे लागले म्हणून बिऱ्हाड फ्रान्सला आलं. इव्होची शाळा लवकर सुटली. शेवयांचा कारखाना, बहिणीचं केशकर्तनालय, गोदी असं सगळं करून तो काउबॉयची गाणी म्हणू लागला. 1944 मध्ये पॅरिसच्या मूलाँ रूज या नाचगाण्याच्या थिएटरात प्रसिद्ध गायिका एदिथ पियाफने त्याला हाताशी धरलं आणि ते काउबॉय प्रकरण सोडायला लावलं. 1946 च्या एका चित्रपटातून 'ले फय मोर्त' हे वाळल्या पानांचं गाणं आलं. चित्रपट पडला, गाणं मात्र मोंताँला जन्मभर पुरलं. त्याला चाल देणारा योसेफ कोस्मा मूळचा बुडापेस्टचा. हे गाव पुढे पुन्हा येणार आहे.

1953 च्या 'वेजेस ऑफ फिअर'मध्ये स्फोटकांनी भरलेला ट्रक हाकणारा मोंताँ पाहिला की गायक विसरायला होतो. गायकांना पडद्यावर देखणं दिसायची हौस असते. हा घामाने, तेलाने बरबटलेला आहे.

बापाची निष्ठा अंगात मुरलेली, त्यामुळे 1956 चा सोव्हिएत दौरा ठरलेलाच होता. तेवढ्यात नोव्हेंबरमध्ये हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे तिची राजधानी बुडापेस्टमध्ये घुसले. जावं की न जावं? गेला तर एक बाजू चिडणार, न गेला तर दुसरी. डिसेंबरमध्ये तो आणि पत्नी, अभिनेत्री सिमोन सिन्योरे मॉस्कोला गेलेच. एका कार्यक्रमानंतर सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह आणि मंडळींसोबत जेवण झालं. पाहुण्यांनी तिथेच, ताटावर बसून, हंगेरीचा विषय काढला. वाद बराच रंगला, पण मत कोणाचंच बदललं नाही.

हा सल 1970 मध्ये पडद्यावर उतरला. दिग्दर्शक कॉस्ता-गाव्रासच्या 'द कन्फेशन'मध्ये मोंताँ झाला आर्तुर लंडन, चेकोस्लोव्हाकियाचा उपपरराष्ट्रमंत्री. 1952 च्या प्रागच्या खटल्यात आपल्याच पक्षाने खोटा कबुलीजबाब वदवून घेतलेल्या 14 जणांपैकी हा एक; त्यातले 11 फासावर गेले. भूमिकेसाठी मोंताँने वजन बरंच उतरवलं. पडद्यावरची बायकोही सिन्योरेच होती. कम्युनिस्ट आणि कामगार संघटनेत पुढारी असलेल्या सख्ख्या भावाशी मात्र त्याचं बिनसलं.

उजवीकडे गेला म्हणावं, तर 1974 मध्ये हाच गडी पॅरिसच्या ऑलिम्पिया या नाट्यगृहात, लष्कराने डावं सरकार उलथल्यावर पळून आलेल्या चिलीच्या निर्वासितांसाठी एक रात्र गायला.

9 नोव्हेंबर 1991 ला, एका चित्रपटाचं काम चालू असतानाच तो गेला. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत सिमोनशेजारी त्याला पुरलं आहे.