पॉपकॉर्न लंग वेगळं, एव्हाली वेगळं

व्हेप म्हणजे ई-सिगारेट ओढून फुप्फुसं निकामी झाल्याची बातमी आली की खाली कुणीतरी ‘पॉपकॉर्न लंग’ असं लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण पोरं धापा टाकत इस्पितळात भरती झाली, तो आजार मात्र एव्हाली, म्हणजे व्हेपिंगमुळे फुप्फुसाला होणारी इजा (इंग्रजी संक्षेप EVALI).

पॉपकॉर्न लंगमागचं रसायन डायअसेटिल, म्हणजे लोण्याचा वास आणणारं. २००० साली मिसूरीतल्या जॅस्पर गावच्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातले कामगार आजारी असल्याचं उघड झालं आणि संशय बटर फ्लेवरच्या वाफेवर गेला. या आजारात बारीक श्वासनलिकांत व्रण होऊन त्या आकसतात, पुन्हा मोकळ्या होत नाहीत. पुढे हार्वर्डच्या संशोधकांना ई-सिगारेटच्या ५१ फ्लेवरपैकी ३९ मध्ये डायअसेटिल सापडलं. ते व्हेपच्या द्रवात आधीपासूनच असतं. व्हेपमधली तापणारी तार, म्हणजे कॉइल, तापली की उडतं, एवढंच. त्यामुळे ते घालूच नका म्हणता येतं. ब्रिटनने २०१६ पासून तसं सांगितलंच आहे.

एव्हालीची गोष्ट जास्त फसवी. गांजाच्या तेलाची काडतुसं, म्हणजे व्हेपला जोडायच्या तेलभरल्या नळ्या, चोरून विकली जातात. गिऱ्हाईक काडतूस उलटं धरून आतला हवेचा बुडबुडा किती सावकाश वर चढतो ते बघतं. सावकाश चढला तर माल दाट, म्हणजे चोख! या परीक्षेत पास व्हायला विक्रेत्यांनी पातळ केलेल्या तेलात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट ओतलं. क्रीममध्ये, गोळीत ते निरुपद्रवी. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत तेच निघालं. फेब्रुवारी २०२० पर्यंत इस्पितळात भरती झालेले किंवा दगावलेले मिळून २,८०७ रुग्ण नोंदले गेले, त्यात ६८ मृत्यू.

व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट फुप्फुसाला स्वतःच घातक असेल. पण आयर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं की ते खूप तापवलं तर त्यातला अ‍ॅसिटेटचा तुकडा सुटून कीटीन वायू बनतो. कीटीन अतिविषारी, आणि इतका चंचल की भेटेल त्या रेणूला चिकटून संपतो. म्हणून रुग्णाच्या फुप्फुसात तो हाती लागणं अवघड. पुरावा प्रयोगशाळेतल्या उपकरणातला आहे. बाटलीतल्या द्रवाची चाचणी केली तरी कीटीन दिसणार नाही, कारण तो कॉइलवर जन्मतो. ‘डायअसेटिल-फ्री’ असं लेबल त्याबद्दल काहीच सांगत नाही. भारतात तर २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे पानटपरीमागून मिळणाऱ्या काडतुसावरचं लेबल कुणी तपासलेलं नसतं.